एक, तीन, चार, दोन

तिसऱ्या दिवशीही गाडी फाटकाबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं खोकली आणि गप्प झाली.

कांता डबा घेऊन फाटकातच थबकली. चिंचेखाली ती काळी विलायती गाडी, वर उचललेलं बॉनेट, आणि आत वाकलेली दोन डोकी. एक तिच्या नवऱ्याचं, तानबा मिस्त्रीचं. दुसरं शकुंतलाबाईंचं. बाई मुलींच्या शाळा तपासत, गावोगाव स्वतः गाडी हाकत जात. पस्तिशीच्या, एकट्या, डोळ्यांवर चष्मा. तानबाचे हात कोपरापर्यंत इंजिनात होते आणि बाई त्याला एकेक पाना काढून देत होत्या.

कांताला ते बघवेना. तिनं मान फिरवली. मग पुन्हा पाहिलं.

सिंदी मेघेच्या घरापासून नालवाडीतल्या या बंगल्यापर्यंत शेजारची देवकाबाई सोबतीला होती. सोबत कसली, वाटभर तिनं मीठच चोळलं होतं.

“इंजिन खोललं, नव्या रिंगा टाकल्या, बंद केलं. मंग तीन दिस झाले, सुरू काऊन नाई होत? का सुरू कराचीच नाई?”

“मले काय मालूम.”

“तानबा झोपेत बाईचं नाव घेते का?”

“नाव नाई घेत. आकडे घेते. एक, तीन, चार, दोन.”

देवकाबाईनं गालाला हात लावला. “अन तुया बापानं जातानी पान्याची पेटी देल्ली जावयाले! तेच पेटी घेऊन हा बाईच्या दारी.”

“पेटीचं नाव नको काढू.”

हे कांता अशा काही आवाजात म्हणाली, की देवकाबाईसारखी देवकाबाई रेल्वे फाटक येईपर्यंत उन्हापावसाचंच बोलत राहिली. कांताचा बाप पुलगाव-आर्वी मोटरीवर ड्रायव्हर होता; लहानपणी त्याला पाने काढून द्यायची ती कांताच. तो वारला तेव्हा पेटी जावयाकडे आली. कांताकडे चूल होतीच.

तानबा राखेनं हात घासून चिंचेखाली जेवायला बसला. बाई चहाचं बघायला घरात गेल्या. दोन घास खाल्ले असतील नसतील, त्याचं बोट पिठल्यात रेघा ओढू लागलं.

“ठिणगी येऊन राह्यली. पेट्रोल येऊन राह्यलं. एक नंबरचा पिस्टन वर आणूनच जोडलं सारं. ठिणगीचा नंबर एक, तीन, चार, दोन. वायरी बरोबर. तरी जाळ उलटा फेकते.”

“मागून फेकते का वरतून?” कांतानं विचारलं.

“तुले काय कराचं?”

“सहज पुसलं.”

“भाकर दे.” मग तोच खाली मान घालून म्हणाला, “आज नाई झाली तं उद्या बाई नागपूरचा मिस्त्री आणतात. गाडी तिकडंच नेतात म्हने. मंग मी कायले येतो इथं?”

कांताच्या हातातली भाकर हातातच राहिली. “उद्याच?”

“तुले तं बरंच. देवकाबाईले पेढे वाट.”

तिनं भाकर वाढली, पण त्याच्या काळ्या नखांवरची तिची नजर हलेना. जेवून तो हात धुवायला बंगल्यामागच्या विहिरीवर गेला. तिथल्या माळ्याबरोबर एक विडी ओढल्याशिवाय तो परतणार नव्हता.

चिंचेखाली कांता आणि गाडी, दोघीच उरल्या.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. पदर कमरेला खोचला. बॉनेटखाली हात घातला आणि ठिणगी वाटणाऱ्या काळ्या टोपणातून एक वायर उपटली. मग दुसरी. मग राहिलेल्या दोन्ही.

“अहो! काय करताय हे?” शकुंतलाबाई पायरीवर उभ्या होत्या. हातात चहाचा ट्रे होता. “तोडू नका! मला कळतं सगळं, कांताबाई. लोक काय बोलतात तेही माझ्या कानावर येतं. तुमच्या संसारात मला यायचं नाही हो. तुमचा नवरा तुम्ही आजच्या आज घेऊन जा, पण माझी गाडी...”

कांतानं मागं वळूनही पाहिलं नाही. तिचे हात चालूच होते.

“ट्रे खाली ठेवा, बाई. अन आत बसून स्टार्टर ओढा.”

“काय?”

“ओढा म्हनलं ना.”

बाई का बसल्या ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी स्टार्टर ओढला. गाडी एकदा गुरगुरली. खोकली नाही. चिंचेवरचे पोपट भर्रकन उडाले आणि इंजिन असं एकसुरात चालू लागलं, की जणू ते कधी बंदच पडलं नव्हतं.

बाई दार उघडून हळूच उतरल्या.

“झालं काय होतं हिला?”

“एक नंबर दोनदा वर येते, बाई. एकदा धूर फेकाले, एकदा ठिणगी खाले. हे त्याले धूर फेकतानी धरून बसले. अर्धा फेर चुकला, बस. मी समोरासमोरच्या वायरी आपसात बदलून देल्ल्या.” पदराला ग्रीस लागलं होतं, त्याकडे तिचं लक्षही नव्हतं. तिनं एका स्क्रूला किंचित पीळ दिला, कान देऊन ऐकलं, आणि अजून थोडा दिला.

बंगल्यामागून तानबा धावत येत होता. एका हातात विडी, पायात एकच चप्पल.

शकुंतलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “आणि मला वाटलं... म्हणजे सगळे म्हणतात तसं... तुम्ही जळता म्हणून.”

“जळतेच ना, बाई. तीन दिस नुसती जळून राह्यली.” इंजिनाच्या वर कांतानं आवाज चढवला आणि काळं बोट धावत येणाऱ्या तानबाकडं केलं. “पन तुमच्यावर नाई. ह्यांच्यावर.”