मुक्ताच्या कळा

दुखणं दुसऱ्याच्या अंगात वळवणारी पट्टी मनगटावर बांधल्यापासून आठ वर्षांच्या मुक्ताचा पाय दुखेनासा झाला. तिच्या हाडाच्या कॅन्सरच्या कळा आता शेजारच्या खाटेवर तिच्या बाबाला, श्रीरंगला, येत होत्या. बाबाला बरं नाही, एवढंच तिला सांगितलं होतं.

"आई, मी बरी झाले ना?"

वृंदाला खोटं बोलवेना. "नाही गं. या पट्टीमुळे तुझं दुखणं बाबा सोसतोय. गाठ वाढतेच आहे."

मुक्ता लंगडत बाबाजवळ गेली. त्यानं दातांत टॉवेल धरला होता; कळांमुळे त्याला बोलताही येत नव्हतं. तिनं आपली पट्टी ओढून काढली आणि किंचाळत खाली कोसळली. श्रीरंगच्या कळा एकदम थांबल्या. त्यानं तिला कुशीत घेतलं, पण मुक्ता पट्टी पुन्हा बांधू देईना.

"आता बोल ना माझ्याशी," ती कण्हत म्हणाली.

श्रीरंगनं तिचं डोकं छातीशी धरलं आणि तिला हाक मारली, "मुक्ता..."