पांढरे हातमोजे

"श्वास रोखून धर," म्हणत ट्रूडीनं ॲन्सलच्या पाठीवरची चेन मानेपर्यंत ओढली. मग पट्टे आवळले. हे एकदा चढवलं की दुसऱ्यानं सोडवल्याशिवाय निघत नसे.

"घामानं मरणार मी," ॲन्सल कुरकुरला. "त्यात चार तास उड्या मारायच्या. सासुरवास म्हणतात तो हाच."

"कळ काढ. तुझ्याशिवाय कोण आहे मला इथं?"

खरंच कुणी नव्हतं. ट्रूडी दक्षिण अमेरिकेकडची नव्हे, अमेरिकेच्याच दक्षिणेतली, अलाबामातल्या शहरात वाढलेली. तिकडं कॉलेजच्या फुटबॉलसाठी लोक लग्नाच्या तारखा पुढं ढकलतात. ॲन्सलशी लग्न करून ती पार उत्तरेला, मेन राज्याच्या या टोकाला आली आणि इथल्या कॉलेजच्या संघासाठी प्रेक्षक जमवायचं काम तिच्या गळ्यात पडलं. गाव हॉकीवेडं. "बर्फ नाही तो कसला खेळ?" म्हणून तोंडावर दार लावणारं. संघाला हरणाचं नाव दिलं, तर दुकानदार म्हणाला, "बाई, हरीण आम्ही खातो. त्याला टाळ्या नाही वाजवत."

आज नऊशे खुर्च्या भरल्या नाहीत तर संघ बंद, असं कॉलेजनं बजावलं होतं.

मग तिनं माहेरची युक्ती काढली. सगळ्यांनी एकाच रंगात यायचं. काल तिनं घरोघरी पांढरे हातमोजे फुकट वाटले. पहिला जोड सासऱ्यांना, एमरींना. ते आले की गाव मागून येतं, हे तिला ठाऊक होतं.

"बघतो," एवढंच ते म्हणाले. जंगलापलीकडे एकटेच राहायचे. फोन ठेवत नसत, आणि गावात यायचं तर रानातल्या पायवाटेनंच.

सामन्याला दोन तास होते. मैदानावर चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात ट्रूडीचा फोन वाजला. शेजारची व्हर्ना होती.

"ट्रूडी, ते मोजे घालून कुणाला बाहेर पडू देऊ नकोस. आज हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस."

"माहितीये. मग?"

"मग काय मग? झाडीत पांढरं हललं की शिकाऱ्याला हरणाची शेपटीच दिसते. माझा मामा साध्या रुमालापायी गेला."

ट्रूडी ॲन्सलकडे वळली. "ॲन्सल, बाबा पायवाटेनं येतायत. पांढरे मोजे घालून."

"मोजे पांढरे आहेत?" एवढंच त्यानं विचारलं. मोजे तिनं त्याच्यापासून लपवले होते, गंमत म्हणून. उत्तराची वाट न बघता होता तसाच तो पळाला. कुंपण ओलांडलं आणि झाडीत शिरला.

ट्रूडी फाटकाला धरून उभी राहिली. तिला भयंकर भीती वाटत होती. काय करून बसले मी, काय करून बसले, एवढंच ती पुटपुटत होती. देवा, म्हाताऱ्याला सांभाळ. संघ गेला खड्ड्यात.

रानात गोळी वाजली. एकच.

ती तिथंच मटकन खाली बसली.

किती वेळ गेला कोण जाणे. गाड्यांचा आवाज आला म्हणून तिनं मान वर केली. रस्त्यानं रांगच लागली होती. पहिल्या गाडीतून एमरी उतरले. डोक्यावर भडक नारिंगी टोपी, अंगात नारिंगी जाकीट. मागून अख्खं गाव, सगळे नारिंगी.

"बाबा!" ती त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली.

"अगं, रडतेस काय? तुझे मोजे खुंटीला टांगलेत. मरायचंय का मला? आज नारिंगी घातलं तरच शिकाऱ्याला माणूस ओळखू येतो. पहाटेपासून दारोदार हेच सांगत फिरलो. म्हटलं, सून वेडी आहे, पण आपली आहे. रंग चुकला तरी चला." त्यांनी तिचे डोळे पुसले. "भरतील ना आता तुझ्या खुर्च्या?"

ती रडता रडता हसली.

"आणि आमचे चिरंजीव कुठं आहेत?"

ट्रूडीचं हसू थिजलं. ती झाडीकडे वळली. सकाळी तिनंच त्याला चढवलं होतं सगळं, तपकिरी केसाळ कातडं, डोक्यावर आठ टोकांची शिंगं आणि मागं वीतभर पांढरी शेपटी.