चौथ्या खाटेची नाडी

ग्लासगो विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर रुग्णालयातून पाहुण्या यायला वीस मिनिटं होती. संशोधक मॉरव्हेनच्या पडद्यावर चौथ्या खाटेची नाडी अजून बहात्तरच दिसत होती. शेजारच्या संगणकावर तिनं ती मघाशीच एकशेचाळीस केली होती. रुग्ण लुटुपुटीचा होता, पण चूक खरी होती.

"ड्युगल, इकडे या जरा."

प्रोफेसर ड्युगल टाय सारखा करत आले. पडदा बघून थबकले. औषधाची मात्रा काढणारा त्यांचा प्रोग्रॅम 'फंक्शनल' प्रकारच्या संगणकभाषेत होता. त्या भाषेचा नियमच असा, की तोच प्रश्न विचारला की तेच उत्तर. वॉर्डातली यंत्रं दुसऱ्याच भाषांत बोलत. या दोघांना जोडणारा दुवा मॉरव्हेननं तीन वर्षं खपून बांधला होता, आणि तो दुवा नाडीचं पहिलंच उत्तर धरून बसला होता, यंत्राला पुन्हा विचारतच नव्हता.

"एकदाच विचार," ड्युगल हळूच म्हणाले. "पहिलं उत्तर बरोबर येतं ना? मग झालं. चुकीचं आपण नंतर बघू."

"नाडी एकदाच बघतात का कुणी?"

"बये, आज रुग्णालयाचा नकार आला तर तू, मी, आपला मदतनीस इव्हर, तिघंही घरी. कळतंय ना?"

तिला कळत होतं. तिनं शेजारच्या संगणकावर नाडी परत बहात्तर केली. वेळेआधीच दारावर टकटक झाली.

हृदयविभागाच्या मुख्य परिचारिका मिसेस ॲबरनेथी ओल्या कोटानिशीच आत आल्या आणि उभ्याउभ्याच बघू लागल्या. मॉरव्हेननं चौथ्या खाटेची नाडी विचारली, उत्तर आलं : बहात्तर. खाली मात्रा उमटली, अचूक. ड्युगलनी सुस्कारा सोडला.

"छान," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलली.

मॉरव्हेनचा हात शेजारच्या संगणकाकडे गेला. ड्युगलनी मान हलवली, नको. तिनं एकशेचाळीस टाकलं.

"आता रुग्णाची नाडी वाढलीय," ती म्हणाली. "परत विचारते."

बहात्तर. मात्रा तीच.

बाई पुढे झाल्या, चष्मा चढवून त्यांनी स्वतः कळ दाबली. बहात्तर. पुन्हा दाबली.

"आणि तो मेला तर?"

"तरी बहात्तरच," मॉरव्हेन म्हणाली.

"हे तुला कधी कळलं?"

"आज सकाळी."

"आणि तुम्हाला?"

ड्युगल जमिनीकडे बघत म्हणाले, "हिनं दाखवलं तेव्हा. झाकायला मीच सांगितलं होतं."

बाईंनी कोट काढून दाराच्या खुंटीला अडकवला आणि मॉरव्हेनशेजारी खुर्ची ओढली.

"दर वेळी नव्यानं विचारायला काय करावं लागेल, ते सांग. सावकाश सांग, मला यातलं काही कळत नाही." आणि मागे न बघता म्हणाल्या, "प्रोफेसर, चहा मिळेल का?"

ड्युगल स्वतःच किटली घेऊन पाणी भरायला गेले.