भिंतीमागची अळंबी

"आधी तू खा," कारखान्याच्या मालकाची आई म्हणाली.

सांगायची गरज नव्हती. रानातली अळंबी रांधणारीनं पहिला घास सगळ्यांदेखत आपण खायचा, अशी पद्धतच होती. बाईनं घास घेतला, सावकाश चावला, गिळला. टेबलाभोवतीचे पाहुणे खूश झाले. म्हातारीचा आज वाढदिवस. लहानपणी खाल्लेल्या अळंब्यांची तिला आठवण झाली होती, आणि मालकानं कारखान्यात, बाजारात सगळीकडे निरोप धाडले होते. ही बाई आपणहून मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. कोण, कुठली, कुणी विचारलंच नाही.

विचारलं असतं तर बरं झालं असतं. बाजारात तिला 'विषारी मावशी' म्हणत. तिचा नवरा गेला तो मूत्रपिंडं निकामी होऊन. कारखान्याच्या भिंतीमागं उगवलेली अळंबी तो कित्येक पावसाळे खात आला होता. आवडायची मेल्याला! ती स्वतःच्या ताटातलीसुद्धा त्याच्या ताटात सरकवायची. तो गेल्यावर कारखान्यानं हात झटकले. आमची माती स्वच्छ आहे, म्हणे, बाईनंच अळंबीची जात ओळखायला चुकवली आणि नवऱ्याला विषारी अळंबी घातली. झालं! तिच्या टोपलीला कुणी हात लावेना. सख्खी जाऊ तिच्या घरचं पाणी पिईना. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, कधीकधी तिला स्वतःलाच वाटायचं, खरंच चुकले की काय मी?

म्हातारीनं घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. "अगदी तीच चव रे!"

मालक आईकडं बघून हसला. "एवढी टपोरी कुठं मिळाली तुला?"

"तुमच्याच कारखान्यामागं, साहेब. भिंतीला लागून."

खुर्ची धाडकन आडवी झाली. मालकानं आईच्या हातातलं ताट हिसकावलं. "आई, थुंक! थुंक आधी!"

म्हातारी भांबावली. तिनं घास रुमालात काढला. "अरे, तिनं खाल्लंय की आधी. जात चुकली असती तर खाल्ली असती का?"

"जातीचा प्रश्न नाही गं! तिथल्या मातीत शिसं आहे, काय काय आहे. सगळा गाळ तिथंच पडतो आपला. अळंबी ते सगळं ओढून घेतात!"

बोलून गेला आणि मग त्याला टेबल दिसलं. पाहुण्यांचे चमचे खाली आले होते. कारखान्याचा डॉक्टर आपल्या ताटात बघत बसला होता.

बाई टेबलाशी पुढं आली. "मग माझा नवरा गेला तेव्हा हे का नाही बोललात? तेव्हा माझीच जात चुकली होती, नाही का? नवरा मारला म्हणून मला तोंड लपवायला लावलंत!"

आता कुठं मालकानं तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

तिनं ताट उचलून पुन्हा म्हातारीपुढं ठेवलं. "घाबरू नका, आजी. पलीकडच्या टेकडीवरची आहेत. पहाटे चढून आणलीत. तुमचं माझं काही वैर नाही."

मालकानं मोठा श्वास सोडला. उगीचच हसला, आडवी खुर्ची उभी केली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला.

म्हातारीनं तो हात पाल झटकावी तसा झटकला. ताट पुढं ओढलं.

"वाढ गं बाई," ती म्हणाली. "ह्या घरात विष आहे, पण ते तुझ्या टोपलीतलं नाही. ते मीच जन्माला घातलंय."