शेंड्यावरचे साडेचार फूट

"काकू, चिंच आडवी झाली तरी तुझ्या घराला लागत नाही! सदतीस फूट झाड, आणि घर चाळीस फुटांवर."

कस्तुरानं सांगूनच टाकलं. हातात कोनमापक, त्याला दोरा, दोऱ्याला खडा. अख्ख्या रहाटणीत झाडावर न चढता झाड मोजणारी ती पहिलीच.

कुऱ्हाडवाला दत्तोबा हसला. "पाडल्याबिगर कळलं व्हय गं?"

"पंचेचाळीस अंशांवर शेंडा दिसेस्तोवर मागं सरले. काटकोनाच्या दोन्ही बाजू सारख्या. बुंध्यापासून मी जितकी लांब, तितकं झाड उंच."

"मग उद्या बुंध्यातच घाव घालतो. जागा कंपनीनं घेतलीया, तिला कुंपण घालायचंय."

सरूकाकू उंबऱ्याआत, चिंचेकडं पाठ करून बसली होती. तिचा ज्योतीराम पतंग काढायला शेंड्यावर चढला, त्याला चार वर्षं झाली. खाली पडलं ते नुसतं अंग, पोर अजून वरच हाय, असं ती म्हणायची. गाव ऐकून घ्यायचं.

"थांबा, सावलीवर ताळा करते." कस्तुरानं काठी रोवली. उन्हं कलली, काठीची सावली काठीएवढी झाली, तशी ती फीत घेऊन चिंचेच्या सावलीमागं धावली. सावली अंगण ओलांडून गेली. उंबराही ओलांडला. टोक काकूच्या पाठीवर टेकलं.

कस्तुरानं फीत पुन्हा ताणली.

"काय झालं?" दत्तोबानं विचारलं.

"साडेचार फूट जास्त भरतायत."

काकू न वळता म्हणाली, "कुणाचे?"

कस्तुराला गुरुजींचा आवाज आठवला. आपण जमिनीला डोळे लावून बघत नाही, पोरींनो. डोळ्यांची उंची मिळवायची. छे! तेवढंच राहिलं होतं. सांगायला तिनं तोंड उघडलं.

काकू उठली. चार वर्षांत पहिल्यांदा चिंचेकडं तोंड करून उभी राहिली. तिनं तळवा हवेत आडवा धरला, कुणाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"एवढाच व्हता."

हात बरोबर कस्तुराच्या डोळ्यांसमोर होता.

"अगं पोरी, चुकलं कुठं ते तरी सांग," दत्तोबा म्हणाला.

कस्तुरानं दोरा कोनमापकाला गुंडाळला. वर बघायचं तिनं टाळलं.

"बुंध्यात घाव घालू नका, दत्तोबातात्या. शेंड्यापासून उतरवत या. हळू."