काळ्या खडूतली आई

"हे काय माणसाचं तोंड आहे?" डेटलेफने काठीचं टोक चित्राच्या काचेवर टक्कन आपटलं. "कपाळ कोळशासारखं, ओठ वाकडे, एक डोळा गालात उतरलेला. आणि चित्रकाराने नाव काय दिलंय? आई!"

संग्रहालयाच्या दालनात हशा पिकला. "कच्चा सलगम खाल्लाय वाटतं म्हातारीने!" मागून कुणीतरी ओरडलं.

दाराशी उभी असलेली आल्विने हार्म्स हसली नाही. भिंतीवरची ती आई ती स्वतःच होती. आणि काठी घेऊन उभा होता तो तिचा धाकटा मुलगा.

वीस वर्षांपूर्वी महायुद्धात थोरला युर्न फ्लँडर्सच्या आघाडीवर पडल्याचं कळलं, तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. अन्न नाही, झोप नाही. वरच्या खोलीत टोर्झेन नावाचा चित्रकार भाड्याने राहायचा, त्याच आघाडीवरून एक पाय गमावून आलेला. त्याने सांत्वन केलं नाही. समोर बसला आणि तिचा चेहरा काढताना काळा खडू असा दाबत गेला, की खडूचे तुकडे पडले. मग कागद तिच्यापुढे धरला. आपलं दुःख असं समोर पाहिलं आणि आल्विनेने हंबरडा फोडला. त्या एका रडण्याने ती जगली. पुढे ते चित्र या संग्रहालयात लागलं. डेटलेफ तेव्हा लहान होता, आजोळी होता. त्याला तिने हे कधीच सांगितलं नाही.

आता तो बर्लिनहून आला होता, नाझी सरकारने 'सडकी' ठरवलेली चित्रं उतरवायला. आई सोडली तर शहरात त्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. बाहेर मालगाडी उभी होती. चित्रं जाळणार आहेत, असं लोक कुजबुजत होते. ते ऐकूनच आल्विने हातातलं काम टाकून आली होती.

"सांगा मंडळी," डेटलेफला चेव चढला होता, "आहे का इथे कुणी, ज्याची आई अशी दिसते?"

"आहे." आल्विने गर्दीतून वाट काढत पुढे आली. "तुझी दिसते, डेटलेफ. युर्न गेला तेव्हा मी अशीच दिसत होते. हे नको रे नेऊस, बाळा."

हशा विरला. डेटलेफचा वरिष्ठ क्राम्पे खिडकीशी सिगार ओढत होता. तो सावकाश वळला.

"हार्म्स, तुझी आई बसली होती त्या भामट्यापुढे?"

"नाही, साहेब." डेटलेफचे कान लाल झाले. लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसेच. "ही बाई कोण, मला माहीत नाही."

क्राम्पे आल्विनेच्या अगदी जवळ आला. "ए म्हातारे, खरं बोल. हा तुझा मुलगा आहे? मला फसवत असेल, तर चित्रांबरोबर त्यालाही गाडीत घालतो."

आल्विनेने डेटलेफकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"चुकलं माझं, साहेब," ती म्हणाली. "वय झालं, माणसं ओळखू येत नाहीत. मला एकच मुलगा होता. तो युद्धात गेला."