सुगंधाबाईंच्या अकरा आज्ञा

सत्त्याण्णव साली जळगावात मी लग्नपत्रिका छापण्याच्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटं प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, लिहीत होतो. त्याने पत्रिकेतली नावं मानाप्रमाणे आपोआप लागायची. रोज सकाळी मी प्रोग्रॅमची फ्लॉपी ऑफिसात द्यायचो. तिथल्या ऑपरेटर सुगंधाबाई कॉम्प्युटरवर अकरा आज्ञा एकेक करून टाइप करायच्या, तेव्हा कुठे प्लगइन तयार व्हायचं.

त्यांचे कष्ट वाचावेत म्हणून मी भीतभीतच एक बॅच फाइल लिहिली. आता एक कळ दाबली की अकराही आज्ञा आपोआप चालत.

त्या दिवसापासून प्लगइन उघडताच बंद पडू लागलं. शनिवारी धुळ्याचे प्रेसवाले ते न्यायला येणार होते; चाललं नाही तर आमची पहिलीच ऑर्डर हातची जाणार होती. तीन दिवस मी बॅच फाइलच तपासत बसलो. काहीच सापडेना. शेवटी धीर करून विचारलं,

"बाई, तुम्ही करायच्या त्यातलं माझ्याकडून काही राहिलंय का?"

त्या कीबोर्डकडे बघत म्हणाल्या,



"रोज आधी मी तुमच्या प्रोग्रॅममधली एक चूक दुरुस्त करायचे, नाना. मोठ्या माणसाला सांगणार कसं?"